यादी संपली हे कळणार कसं?

ताई, स.न.

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नाद एकच: नाशिक, देवळाली, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्याची ब्रिटिशकालीन चित्रपोस्टकार्डं जमवणं. ही कार्डं आपल्याकडे फारशी मिळत नाहीत, कारण ती इथून लिहून विलायतेला पाठवलेली. तिकडच्या माळ्यांवरून, जुन्या ट्रंकांतून निघतात आणि लिलावाच्या साइटवर येतात. रोज सकाळी चहाबरोबर मी शोध टाकायचो, ‘नवीन आलेले आधी’ असा क्रम लावायचो आणि काल पाहिलेलं कार्ड दिसलं की बंद करायचो. चहा निवायच्या आत काम तमाम.

मध्यंतरी तो क्रमच गायब झाला. आता साइट तिच्या मनाने यादी लावते. सकाळी वेगळी, रात्री वेगळी. पानामागून पानं उलटतो, तीच ती कार्डं, मध्येच कुणी न मागितलेला ताजमहाल. इगतपुरी स्टेशनचं एक सुंदर कार्ड मला दिसलं ते विकलं गेल्यावरच. कोल्हापूरच्या एका स्नेह्यांना तो पर्याय अजून दिसतो म्हणतात, मला दिसत नाही. तक्रारी केल्या, तर ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ एवढं छापील उत्तर. तिकडचे लिलाव रविवारी संध्याकाळी संपतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. काही निसटू नये म्हणून हल्ली जागत बसतो. सौ. वैतागली आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, एक बटण गेलं तर एवढं काय?’ खरंच एवढं काही नाही का? की साइटच सोडून द्यावी?

र. वि., नाशिकरोड

*

र. वि. साहेब, नमस्कार.

साइटचं नाव तुम्ही कळवलंय, ते इथे गाळलं आहे. त्याने उत्तरात काही फरक पडत नाही, कारण हा प्रकार आज ना उद्या सगळ्याच साइटवर होतो.

आधी चिरंजीवांच्या प्रश्नाचं बघू. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा रोजकीर्द काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. नोंदी आल्या त्या क्रमाने, आणि आज सकाळी कालच्या शेवटच्या नोंदीपासून पुढे बघायचं. ‘नवीन आलेले आधी’ ही तुमची रोजकीर्द होती. आता कुणी कारकून रोज रात्री त्या सगळ्या नोंदी पिसतो, सकाळी तुमच्यापुढे टाकतो आणि वर म्हणतो, साहेब, तुम्हाला आवडतील त्या वर ठेवल्यात. एकही नोंद गहाळ नाही, तरी हिशोब लागत नाही. चिरंजीवांना एवढंच सांगा, पुरे.

तुमचा वैताग कार्डं दिसत नाहीत याचा नाहीच. सगळी पाहून झाली की नाही हे कळायला काही मार्ग उरलेला नाही, याचा तो आहे. पूर्वी यादीला शेवट होता, कालचं कार्ड दिसलं की दुकान बंद. आता शेवटच नाही, म्हणून तुम्ही रात्री जागता. खाली जे काही सुचवते आहे ते सगळं त्या एका गोष्टीसाठी: पाहून संपेल अशी यादी पुन्हा हाताशी आणायची. ते बटण परत येवो न येवो, हे जमण्यासारखं आहे.

पण त्याआधी ते बटण खरंच गेलंय का याची खात्री करा. कोल्हापूरच्या स्नेह्यांना दिसतं आणि तुम्हाला नाही, यात नवल काहीच नाही. मोठ्या साइट कुठलाही बदल सगळ्यांवर एकदम लादत नाहीत. काही ग्राहकांना नवं पान, काहींना जुनं असं वाटतात आणि कोण किती खरेदी करतं ते बघतात. तुम्ही नव्या पानाच्या गटात पडला असाल. तेव्हा एकदा खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत तोच शोध टाकून पाहा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहत असाल तर संगणकावर पाहा, ॲपमध्ये जागा कमी म्हणून असले पर्याय आधी तिथूनच उडतात. शिवाय काही ठिकाणी क्रमाचे पर्याय गाळणीवर (फिल्टरवर) ठरतात. ‘फक्त लिलाव’ अशी खूण केली की जे पर्याय उगवतात, ते सगळा माल एकत्र दाखवताना नसतात.

आणखी एक युक्ती आहे, ती जरा किचकट वाटेल पण चिरंजीव चुटकीसरशी करून देतील. तुम्ही निवडलेला क्रम बऱ्याच साइटवर पानाच्या पत्त्यातच लिहिलेला असतो. ईबे या लिलावाच्या मोठ्या साइटवर पत्त्यात ‘एसओपी’ ही तीन अक्षरं असतात आणि बरोबरच्या चिन्हापुढे एक आकडा: १ म्हणजे लवकर संपणारे आधी, १० म्हणजे नवीन आलेले आधी, १२ म्हणजे साइटच्या मनाचा क्रम, १५ म्हणजे किंमत अधिक टपालखर्च धरून स्वस्त ते महाग. पानावरून बटण काढलं तरी मागची यंत्रणा कधीकधी तशीच चालू राहते. कोल्हापूरच्या स्नेह्यांना त्यांच्या पानावर ‘नवीन आलेले आधी’ लावून तो अख्खा पत्ता तुम्हाला पाठवायला सांगा. तुमच्याकडे उघडला आणि क्रम टिकला तर तो पत्ता जपून ठेवा आणि रोज तिथूनच आत शिरा. नाही टिकला तर समजायचं की दार आतूनही बंद झालंय.

आता हे का होतं? सगळं खापर लोभावर फोडून मोकळं होता येईल, पण तेवढंच कारण नाही. ईबेचा इतिहास जाहीर आहे म्हणून त्याचंच उदाहरण घेते. १९९५ साली पिएर ओमिड्यारने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाने ती सुरू केली तेव्हा तिथे सगळा मालच लिलावाचा. पहिली विक्री म्हणून सांगितली जाते ती एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरला. लिलावाच्या मालाला घड्याळ असतं, त्यामुळे ‘लवकर संपणारे आधी’ हा क्रम आपोआप शहाणपणाचा ठरत होता. पुढे ठरावीक किमतीचा माल वाढत गेला. जो माल संपतच नाही, त्याला ‘लवकर संपणारे’ या रांगेत कुठे उभं करणार? २००८ मध्ये ईबेने तो क्रम मागे सारून ‘बेस्ट मॅच’, म्हणजे साइटच्या मनाचा क्रम, हा मुख्य क्रम केला. मार्च २०१९ मध्ये तर ठरावीक किमतीच्या नोंदींना मुदतच ठेवली नाही. रद्द करेपर्यंत त्या दर महिन्याला आपोआप चालू राहतात.

तुमचा लाडका ‘नवीन आलेले’ हा क्रमही तेव्हा वाटत होता तितका निर्मळ नव्हता, हेही सांगून टाकते. जुनं न विकलेलं कार्ड काढायचं आणि तेच पुन्हा नव्याने टाकायचं, म्हणजे यादीत वर येतं, ही विक्रेत्यांची नेहमीची चाल. तुम्हालाही अधूनमधून ‘हे तर आधी पाहिलंय’ असं वाटलं असेल. वाटलं ते खरंच होतं.

आणि हो, लोभही आहेच. यादीतली वरची जागा विकता येते. ईबेवर २०१५ पासून विक्रेता जाहिरातीचे जादा टक्के कबूल करून आपली नोंद वर चढवू शकतो. तुम्ही तारखेनुसार क्रम लावलात की त्या वर चढवलेल्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही. म्हणजे जो ग्राहक स्वतः क्रम लावतो, तो साइटच्या दृष्टीने जरा अडचणीचाच. त्यातून बहुतेक लोक दिलेला क्रम कधीच बदलत नाहीत. चार्जर, मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेल्याला काय करायचीय तारीख? तुमच्यासारखी चिकट, चोखंदळ मंडळी थोडी. त्यांची गैरसोय सरासरीत दिसतसुद्धा नाही.

म्हणून तक्रारींबाबत माझं मत थोडं कडू आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ईबेवरच्या विक्रेत्यांनी शुल्क आणि अभिप्रायाचे बदललेले नियम यावरून आठवडाभर बहिष्कार टाकला होता. बातम्या झाल्या, चर्चा झाली. विक्रेत्याने खरेदीदाराला वाईट शेरा द्यायचा नाही, हा नियम तरी आलाच आणि राहिला. विक्रेते तर साइटला पैसे मोजतात. त्यांची ही कथा, मग आपण कोण? तरीही एक तक्रार लिहा, पण नीट लिहा. ‘जुना पर्याय परत द्या’ हे वाक्य त्यांच्याकडे ढिगाने येतं. त्याऐवजी ‘मी महिन्याला इतक्या पौंडांची कार्डं घेत होतो, क्रम गेल्यापासून इतक्याचीच घेतली’ असं आकड्यांत लिहा. हिशोब तुमच्याकडे असणारच. त्याची एक प्रत ज्या विक्रेत्यांकडून तुम्ही नेहमी घेता त्यांना पाठवा आणि त्यांनाही लिहायला सांगा. आपलं गिऱ्हाईक आपल्या मालापर्यंत पोचत नाही हे विक्रेत्याने सांगितलं तर निदान कुणीतरी वाचतं. त्यानंतर तो विषय सोडा. पाठपुरावा करण्यात तुमच्या सकाळी घालवू नका.

आता मुख्य काम. यादी लांब असते तेव्हाच क्रम लागतो. यादी एका बैठकीत नजरेखालून घालता येण्याइतकी आखूड केली, तर साइटने ती कशीही पिसली तरी तुमचं बिघडत नाही. क्रम गेला, पण गाळण्या शाबूत असतात. किमतीची गाळणी, लिलाव की ठरावीक किंमत, विक्रेता कुठल्या देशातला, माल कुठल्या विभागातला या गोष्टी साइट सहसा काढत नाही, कारण त्या सगळ्यांनाच लागतात. क्रमाचं काम या गाळण्यांकडून करून घ्यायचं.

सुरुवात लिलावांपासून करा. ‘फक्त लिलाव’ ही खूण करून ‘देवळाली’ शोधा. येणारी यादी इतकी छोटी असेल की क्रमाची गरजच पडणार नाही. लिलावाची मुदत ठरलेली असते. ईबेवर एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवस. आठवड्यातून दोन ठरलेले वार, समजा सोमवार आणि गुरुवार, एवढी यादी पूर्ण पाहिलीत तर पाच दिवस आणि त्याहून जास्त मुदतीचा एकही लिलाव तुमच्या नजरेतून सुटू शकत नाही. तीन दिवसांचा एखादा गुरुवार ते सोमवारच्या फटीत सुटेल, एक दिवसाचा बहुधा सुटेल. पण जुन्या कार्डांचे विक्रेते इतक्या घाईचे लिलाव क्वचितच लावतात, त्यांना चार गिऱ्हाइकं जमायला हवी असतात. यादीला शेवट हवा होता ना? इथे मिळाला.

ठरावीक किमतीच्या कार्डांचा ढीग मोठा, तिथे किमतीचे तुकडे पाडा. तीन पौंडांपर्यंतची, तीन ते पाच, पाच ते आठ, आठ ते पंधरा, त्याच्या वरची. प्रत्येक तुकडा वेगळा शोध म्हणून जतन करा आणि एका वाराला एकच तुकडा पाहा. त्यातही किमतीचा क्रम मिळत असेल तर तो लावा. तो साइटच्या मनावर चालत नाही: ४.९९ चं कार्ड आज जिथे होतं, उद्याही तिथेच आसपास राहतं, त्यामुळे नवं आलेलं डोळ्याला लगेच टोचतं. हे सगळं तुमच्या जुन्या सवयीपेक्षा वेळखाऊ आहे, नाही म्हणत नाही. पण तुकडा संपला की संपला.

किमतीच्या गाळणीत एक खोच आहे. ती बहुधा कार्डाची किंमत बघते, टपालखर्च नाही. दोन पौंडांच्या कार्डावर भारतात पाठवायचे सहा पौंड लावणारे महाभाग आहेतच. म्हणून स्वस्त तुकडा पाहताना टपालखर्चाकडे आधी बघायचं, कार्डाकडे नंतर.

शब्दांकडेही जरा लक्ष द्या, कारण निसटणारी कार्डं बहुतेक इथेच निसटतात. नाशिक हे विक्रेते आपल्यासारखं लिहीत नाहीत. कार्डावर छापलेलं असतं तसं, ‘नासिक’, तेही कधी एका एसने, कधी दोन एसने, कधी शेवटी सी आणि के लावून. देवळालीचं डिओलाली होतं, आणि छापलेली अक्षरं नीट वाचता आली नाहीत की आणखी काहीही होतं. असे सगळे अवतार एकाच शोधात घालता येतात. ईबेवर कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या शब्दांपैकी कुठलाही एक सापडला तरी नोंद येते. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेल्या नोंदी गळतात. ‘पुनर्मुद्रण’, ‘आधुनिक’, ‘पोस्टर’ यांचे इंग्रजी शब्द वजा करा, शिवाय आग्रा आणि ताजही. निम्मी पानं तिथेच हलकी होतील.

तुमच्या मुलखाची उत्तम कार्डं मात्र गावाच्या नावाने सापडतच नाहीत. देवळालीला ब्रिटिश फौजेचा तळ होता. मुंबई बंदरात उतरलेले आणि मायदेशी परतायला बोटीची वाट बघणारे गोरे सैनिक तिथे आठवडेच्या आठवडे पडून असायचे आणि घरी कार्डं लिहायचे. आज ते कार्ड विकणाऱ्या यॉर्कशरच्या माणसाला देवळाली कुठे आहे हे कशाला माहीत असेल? तो लिहितो ‘लष्करी छावणी, भारत’ किंवा ‘रस्त्यावरील दृश्य, अंदाजे १९१०’. देवळाली असते ती मागच्या बाजूला, शिक्क्यात किंवा पत्राच्या डोक्यावर. मागची बाजू दाखवणारं छायाचित्र उघडल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून गावाच्या नावाशिवाय एक शोध ठेवा: भारत, छावणी, बराक, बझार, घाट असे शब्द, विभाग पोस्टकार्डांचा, फक्त लिलाव. प्रकाशकांच्या नावांनीही शोधा. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीने इकडची पुष्कळ कार्डं काढली. लंडनच्या राफेल टकची रंगीत ‘ऑयलेट’ कार्डं भारताचीही आहेत, आणि टकचं नाव विक्रेते न चुकता लिहितात, कारण त्या नावाला भाव आहे. गावाचं नाव न लिहिलेल्या कार्डांवर बोली कमी लागते, हे वेगळं सांगायला नको. साइटचा शहाणा क्रम असली कार्डं वर आणणारच नाही, कारण ती कुणी पाहिलेलीच नसतात. इथे तुम्ही त्या यंत्रापेक्षा पुढे आहात. गोदाकाठची कमान कुठली हे तुम्हाला कळतं, त्याला नाही.

आता इमेलच्या सूचना. जतन केलेल्या शोधाला ‘नवीन काही आलं तर कळवा’ अशी खूण करता येते. तुमच्या हातून गेलेल्या क्रमाला सर्वांत जवळची गोष्ट हीच: फक्त नवं, तेही घरपोच. दोन तोटे आहेत. पुन्हा टाकलेलं जुनं कार्डही तिथे नवं म्हणून येतं. आणि इमेल बहुधा दिवसातून एकदाच, त्यामुळे चुकून स्वस्तात लावलेलं कार्ड तोवर कुणीतरी उचललेलं असतं. ॲपमधल्या सूचना लवकर येतात. पण अगदी नेमक्या शोधांनाच त्या लावा, नाहीतर मोबाइल दिवसभर टुणटुणत राहील आणि सौ.ना वैतागायला आणखी एक कारण मिळेल.

रात्रीच्या जागरणाकडे वळू. ब्रिटनमध्ये रविवारी रात्री आठला संपणारा लिलाव म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे-मागे होतात, तेवढं तास बदलताना लक्षात ठेवा. पण तुम्ही जागता कशासाठी? साइट तुमच्या वतीने बोली वाढवत नेते. तुम्ही कमाल रक्कम २६ पौंड सांगितली आणि दुसऱ्याची कमाल १८ असेल, तर तुम्हाला १८ आणि वर एक पायरी एवढंच पडतं. मनात पक्की असलेली सर्वांत मोठी रक्कम टाकायची आणि झोपायचं. अशा, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर भाव ठरणाऱ्या लिलावाचा सिद्धांत विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडला, पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या सिद्धांतात जागरणाला जागा नाही.

प्रत्यक्षात माणसं शेवटच्या मिनिटालाच का तुटून पडतात, हेही अभ्यासलं गेलंय. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि तेव्हाचे ॲमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी संपतो. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत वाढायची. शेवटच्या घटकेची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त निघाली. आधी बोली टाकली की समोरचा हौशी गडी चिडून चढवत बसतो, त्याला ती संधी न देण्यात थोडा फायदा असतोच. तेव्हा तुमचं शेवटच्या क्षणी बोली लावणं अगदी वेडेपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण सहा-आठ पौंडांच्या कार्डासाठी दीड वाजेपर्यंत जागणं, तेही दर रविवारी, हे काही खरं नाही. साधी कार्डं रविवारी रात्री जेवण झाल्यावर बोली टाकून विसरायची. रक्कम गोल ठेवू नका. वीसऐवजी २१.३७ असं काहीतरी, कारण वीसवर थांबणारे पुष्कळ असतात. जागायचंच तर ज्या कार्डाची तुम्ही वर्षानुवर्षं वाट पाहताय त्याच्यासाठी जागा, आणि त्या रात्री सौ.ना आधी सांगून ठेवा.

शेवटच्या सेकंदाला तुमच्या वतीने बोली लावून देणाऱ्या सेवाही असतात. त्यांना तुमच्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागत असेल तर माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. ‘हरवलेला क्रम परत आणतो’ म्हणणारी ब्राउझरची जोड-उपकरणंही (एक्स्टेन्शन) तशीच. तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान ती वाचू शकतात, बँकेचं धरून. चाळीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नसावी.

साइट सोडायची का? सोडू नका, पण तिच्या एकटीच्या भरवशावरही राहू नका. डेलकॅम्प ही बेल्जियमची साइट टपालतिकिटं, पोस्टकार्डं, नाणी अशा जमवायच्या वस्तूंसाठीच आहे. तिथे सगळी तुमच्याच नादाची माणसं, त्यामुळे देश आणि विषयवार विभागणी बारकाईने केलेली असते. तिथल्या फ्रेंच विक्रेत्यांकडे भारताचीही कार्डं असतात, फक्त इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच शब्दही शोधात टाका. आणि तुमच्या जुन्या खरेदीची यादी काढून बघा. बरीचशी कार्डं मोजक्याच विक्रेत्यांकडून आलेली दिसतील. त्यांची दुकानं थेट उघडा. एका विक्रेत्याच्या दुकानातला ‘भारत’ विभाग दहा मिनिटांत पाहून होतो. त्यांना साइटच्याच निरोपपेटीतून लिहा की नाशिक पट्ट्याचं काही आलं तर कळवा. जुन्या कागदांच्या अशा विक्रेत्यांना असं विचारणारा गिऱ्हाईक आवडतो, टाकण्याआधी छायाचित्र पाठवतात. व्यवहार मात्र साइटवरूनच करा. बाहेरून पैसे पाठवले आणि कार्ड आलं नाही तर दाद मागायला जागा राहत नाही. तीन-चार कार्डं साठेपर्यंत थांबवून एकाच पाकिटात पाठवता का, हेही विचारा. बरेच जण आनंदाने तयार होतात आणि तो सहा पौंडांचा टपालखर्च वाटला जातो.

इगतपुरी स्टेशनच्या कार्डाचं म्हणाल, तर विकल्या गेलेल्या नोंदी दाखवणारी गाळणी लावून ती नोंद उघडा आणि तिचं छायाचित्र, प्रकाशकाचं नाव, कार्डावर क्रमांक असेल तर तो, आणि विक्रीची किंमत उतरवून ठेवा. छापील कार्ड असेल तर ते एकच निघालेलं नसणार. त्या प्रकाशकाच्या नावाने आणि क्रमांकाने एक वेगळा शोध आजच जतन करा, ‘इगतपुरी’ हा शब्द न घालता.